सिकाडाचं शेवटचं प्रकरण

ताई, त्या म्हाताऱ्याचं शेवटी काय ठरवलं होतंस तू?

तुला जाऊन अजून महिनाही झालेला नाही. लोक भेटायला येतात, आणि अशा वेळी जे बोलायचं असतं ते मी बोलते. फार हाल झाले नाहीत, शेवटपर्यंत काम करत होती, विद्यार्थ्यांवर जीव होता. मयूर विहारच्या तुझ्या सोसायटीतल्या बायका 'बहुत अच्छी थीं दीदी' म्हणतात, मी मान हलवते, चहाला आधण ठेवते. डोक्यात मात्र एकच गोष्ट घोळत असते, आणि ती एका ग्रीक म्हाताऱ्याची आहे. हे कुणाला सांगायची सोय नाही. सांगितलं तर म्हणतील, बहीण गेली आणि हिला एका किड्याची काळजी लागून राहिलीय.

किडा म्हटलेलं तुला चालायचं, रातकिडा म्हटलेलं नाही. 'रातकिडा वेगळा, सिकाडा वेगळा. हा भर दुपारी ओरडतो, पोटातल्या ढोलावर, आणि त्याआधी कित्येक वर्षं मातीखाली गप्प बसलेला असतो,' असं तू मला इतक्यांदा ऐकवलंस की मी झोपेतही म्हणून दाखवीन. कॉलेजात कलेचा इतिहास शिकवण्यात तुझा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर माणसं चारधामला जातात, तू या सिकाडाच्या मागे लागलीस. जगभरच्या चित्रांत, दागिन्यांत, कवितांत, गोष्टींत तो कुठेकुठे बसलाय याचं पुस्तक, तेही मराठीत, तेही दिल्लीत बसून. 'वाचणार कोण?' असं मी विचारलं तर म्हणालीस, 'तू. आणि तू वाचून भांडणार.'

तेच तर माझं काम होतं. दुपारची जेवणं आटोपली की तुझा फोन यायचा. दोन गल्ल्या पलीकडे राहायचो आपण, पण तुला फोनच हवा. सकाळी लिहिलेलं तू वाचून दाखवायचीस आणि मी काहीतरी खुसपट काढायचं. मी नुसतं 'छान आहे' म्हटलं तर तू चिडायचीस. 'तू भांडली नाहीस तर मला कळतच नाही मी काय लिहिलंय,' म्हणायचीस. माझं शिक्षण बी.कॉम., आणि कलेच्या इतिहासावरची भांडणं मी पोळ्या लाटता लाटता केली, याचा मला थोडा गर्वच आहे.

चीनमध्ये जुन्या काळी दरबारातले अधिकारी टोपीवर सिकाडा लावायचे, कारण तो म्हणे फक्त दव पिऊन राहतो, म्हणजे लाच खात नाही. हे ऐकून आमचे हे खुर्चीतून उठून बसले होते. आयुष्य सरकारी नोकरीत गेलेलं, म्हणाले, 'आमच्या लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टर्समध्ये अशा टोप्या टोपली भरून पाठवायला हव्या होत्या.' ग्रीकांकडे श्रीमंत माणसं केसांत सोन्याचा सिकाडा खोवायची, कारण तो मातीतून उगवतो आणि आपणही याच मातीतले, असं त्यांना मिरवायचं असायचं. 'म्हणजे मुंबईतल्या मूळ रहिवाशांसारखं,' मी म्हटलं, आणि तू हसून ते वाक्य लिहून घेतलंस. फ्रान्सच्या दक्षिणेला घरांच्या भिंतीवर चिनी मातीचा सिकाडा टांगतात, शकुनाचा म्हणून. जपान्यांना मात्र तो स्वतः नको, त्याने झाडावर सोडलेली कात हवी. किडा उडून गेलेला, पाय तसेच खोडाला धरलेले, पाठीवर चीर. त्यावर त्यांच्या किती कविता, आणि सगळ्या गेलेल्या माणसांच्या.

आपल्याकडचं सांगताना तुझा आवाज चढायचा. संस्कृत काव्यात अरण्य आलं की झिल्लीचा, म्हणजे याचाच, आवाज आलाच, पण तो नुसता पाठीमागे. 'आपल्याकडे त्याला कुणी पात्र म्हणून उभं केलं नाही गं. नायिका एकटी आहे हे कळावं म्हणून तो किरकिरतो, आणि पुढच्या श्लोकात सगळे त्याला विसरतात.' हे तू इतकं मनाला लावून बोलायचीस, जणू कुणी तुझ्याच माहेरच्या माणसाला पंगतीत वाढायचं विसरलं होतं.

मुंगीची गोष्ट आली तेव्हा तर तू मला पकडलंसच. उन्हाळाभर गाणारा तो, आणि धान्य साठवणारी मुंगी. थंडी आल्यावर तो दारात येतो आणि ती म्हणते, गात होतास ना, आता नाच. त्या दिवसापासून मी 'मुंगी'. 'ये मुंगे', 'बस मुंगे', 'मुंगे, लिंबाचं लोणचं संपलंय.' डबे मी पाठवायचे आणि बोलणी मी खायची. पण खरं सांगू? त्या नावाने मला कुणी हाक मारलेली आता ऐकू येत नाही, आणि माझं खरं नाव ऐकलं की दुसऱ्याच कुणाला तरी बोलावतायत असं वाटतं.

आणि मग तो म्हातारा.

पहाटेची देवी एका तरुणावर भाळते. हा मरू नये असा वर देवांकडे मागते आणि मिळवते. पण तो तरुण राहावा हे मागायचं विसरते. तो म्हातारा होत जातो, होतच जातो, मरत मात्र नाही. वाळतो, आक्रसतो, हातपाय हलेनासे होतात. शेवटी देवी त्याला एका खोलीत ठेवते आणि दार लावून घेते. आत नुसता आवाज उरतो, न थांबणारा. तोच सिकाडा झाला, असं काही जण सांगतात. तू ही गोष्ट वाचून दाखवलीस आणि खाली लिहिलेलं वाचलंस, की मरणापेक्षा वाईट काय असतं हे माणसाने या एका कीटकाच्या आवाजात ऐकलं.

मी म्हटलं, 'यात वाईट काय? बोलतोय ना? आवाज तर राहिला!'

'आवाज ऐकणाऱ्याला राहिला, मुंगे. त्याला काय राहिलं?'

'ऐकणाऱ्याला पुरतो.'

'ऐकणाऱ्याला पुरतो म्हणून कुणी किती वर्षं पडून राहायचं?'

तेवढ्यावर फोन ठेवले. कारण आपण ग्रीक म्हाताऱ्याबद्दल बोलत नव्हतो. आईबद्दल बोलत होतो, हे तुलाही ठाऊक होतं आणि मलाही. शेवटची दोन-तीन वर्षं आई माझ्याकडे, लक्ष्मीबाई नगरच्या जुन्या घरातल्या आतल्या खोलीत होती. माणसं ओळखायची नाही, हात उचलायची नाही. दिवसभर एकच, 'अगं, दूध उतू जातंय, दूध उतू जातंय.' मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, 'गॅस बंद केलाय, आई!' मग ती घटकाभर शांत व्हायची. तू रविवारी यायचीस, तिच्यापाशी जरा बसायचीस आणि उठून बाल्कनीत जायचीस. तुला ते बघवायचं नाही. मला वाटायचं, घरात आवाज आहे तोवर आई आहे. तुला वाटायचं, हा आवाज म्हणजे आईचे हालच. आपण कधी हे एकमेकींना तोंडावर म्हटलं नाही. आपल्या घरात सरळ बोलायची पद्धतच नाही, ताई. आई जावयावर रागावली की कामवालीला बोलायची, आणि तू तर सगळं किड्यांच्या मार्फत बोलायचीस.

म्हाताऱ्याचं ते प्रकरण पुस्तकाचं शेवटचं. ते महिनोन् महिने अडून राहिलं. तू लिहायचीस, मी भांडायचे, तू खोडायचीस.

गेल्या वर्षी श्रावणाच्या उकाड्यात तू मला रिजच्या टेकडीवर घेऊन गेलीस, आठवतं? हिंदूराव हॉस्पिटलच्या बाजूने वर चढलो. 'बघ, ग्वाल्हेरहून आलेल्या मराठी सरदाराचं नाव या हॉस्पिटलला, आणि आपल्याला इथे कुणी विचारत नाही,' असं म्हणत तू माकडांसाठी काठी आपटत चालत होतीस. एका किकराच्या, आपल्या बाभळीच्या जातीतल्या, झाडाखाली उभं केलंस आणि म्हणालीस, ऐक. आधी काही नाही, मग एकदम सगळं झाडच वाजायला लागलं. इतकं, की तू काय बोलतेयस ते मला दिसत होतं पण ऐकू येत नव्हतं. खोडावर एक कात होती. तू ती काढली नाहीस. नुसतं बोट लावलंस. परतताना रिक्षात म्हणालीस, 'हे सगळे नर असतात. मादी गप्प असते, ती फक्त ऐकते. ती ऐकते म्हणून तर हे ओरडतात.' तेव्हा मी माझ्या गुडघ्यांच्या काळजीत होते, फार लक्ष दिलं नाही.

आणि मग तो फोन. त्या दिवशी दुपारी न करता तू संध्याकाळी केलास, मी कणीक मळत होते, फोन खांद्यात धरलेला. 'मुंगे, म्हाताऱ्याचं प्रकरण मी बदलतेय. तुझं थोडं पटलंय मला.' मी म्हटलं, 'अगंबाई! सूर्य कुठून उगवला?' तू म्हणालीस, 'सगळं नाही हं पटलेलं. थोडं. उद्या ये, सांगते.' कणकेचे हात होते म्हणून मी तेव्हाच विचारलं नाही, कुठलं थोडं?

दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या लेकाचा, ओंकारचा फोन आला. तू न्हाणीघरात पडली होतीस.

तुझा ओंकार गुडगावला मोठमोठ्या मीटिंगा घेतो, पण हॉस्पिटलच्या त्या बाकावर तो शाळेत पोटात दुखायला लागल्यावर बसायचा तसा बसला होता. डॉक्टर तरुण होता, चांगला होता. मेंदूत बराच रक्तस्राव झाला आहे, म्हणाला. 'साँस खुद नहीं ले पाईं तो मशीन पर लेना पड़ेगा. बच भी सकती हैं. पर होश कितना आएगा, पहचानेंगी या नहीं, कह नहीं सकते. शायद आवाज़ निकालें, बस. आप लोग घर में बात कर लीजिए.'

घर म्हणजे आम्ही दोघंच. लिफ्टशेजारी कॉफीचं मशीन होतं, तिथे उभे राहिलो. ओंकारने विचारलं, 'मावशी, आई कभी कुछ बोली थी क्या? म्हणजे असं काही झालं तर काय करायचं वगैरह?'

काय सांगणार होते? तू गोष्ट सांगितली होतीस, ताई. काय करायचं ते सांगितलं नव्हतंस. मी त्याला म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली. देवी, वर, ती खोली, तो आवाज, सगळं. तू खाली काय लिहिलं होतंस तेही. तो कॉफी न पिता ऐकत होता. मग मी आदल्या संध्याकाळच्या फोनचंही सांगितलं, की आई म्हणाली, मावशीचं थोडं पटलंय. लपवलं नाही मी काही.

'तो फिर? मावशी, मेरे को नहीं समझ आ रहा. हाँ की ना?'

आणि मी, जी इतके महिने 'आवाज पुरतो, आवाज पुरतो' म्हणून तुझ्याशी भांडत होते, मी म्हटलं, 'नको, ओंकार. तिला ते नको होतं.'

अगदी तुझ्या आवाजात म्हटलं. तुझी सगळी वाक्यं मला पाठ होती ना. भांडणाऱ्याला समोरच्याचं म्हणणं जितकं पाठ असतं तितकं स्वतःचंही नसतं. ओंकारने डॉक्टरला जाऊन सांगितलं. मशीन आणलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, आपल्या फोनच्या वेळेला, तू गेलीस.

म्हणजे बघ कसं झालं. तू माझ्या बाजूला यायला निघालीस आणि मी तुझ्या बाजूला जाऊन उभी राहिले. वाटेत आपली भेटच झाली नाही.

तुला घरी आणल्यावर ओंकारने गंगाजल दिलं, तोंडात तुळशीचं पान ठेवलं. मग उठून स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो हिरवा दगडी सिकाडा घेऊन आला. तुझ्या विद्यार्थिनीने बाहेरून आणलेला, संगजिऱ्याचा, बोटाच्या पेराएवढा. जुने चिनी लोक मेलेल्या माणसाच्या जिभेवर असा ठेवत, हिरव्या जेडचा, मातीत गेलेला मातीतून परत यावा म्हणून. तू नेहमी म्हणायचीस, मी गेले की माझ्याही तोंडात ठेवा, आणि मी म्हणायचे, 'शी! तोंडात किडा घेऊन चाललीय!' तू खरंच म्हणत होतीस की माझी गंमत करत होतीस, हे मला आजही सांगता येणार नाही. शेजारच्या बाईंनी विचारलं, 'बेटा, ये क्या है?' ओंकार म्हणाला, 'मम्मी का है.' आणि तुळशीच्या पानापाशी ठेवला. तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा करताना तो सापडला, हिरवा रंग जाऊन राखाडी झालेला. ओंकारने रुमालाने पुसला आणि लॅपटॉपच्या बॅगेत टाकला. तिथेच आहे अजून.

तुझ्या टेबलावरचं शेवटचं प्रकरण मी बघितलं. नाव लिहिलंय, खाली काही नाही. ओंकार म्हणतो, 'मावशी, वो तू लिख दे ना, तुलाच माहितीये.' त्याला वाटतं मला माहीत आहे. परवा रविवारी आला होता, जेवता जेवता मध्येच थांबला. 'मावशी, वो अंकल वाली स्टोरी परत सांग ना.' सांगितली. मग ताटाकडे बघत म्हणाला, 'हमने ठीक किया ना?'

मी 'हो' म्हटलं. लगेच म्हटलं, आमटी वाढली. त्या लेकराला दुसरं काय सांगणार? पण ते 'हो' त्याच्यासाठी होतं. माझ्यापाशी ते टिकत नाही, ताई. मला तुझा राग येतो. एवढं जगभरच्या लोकांचं वाचलंस, कुणी सिकाडाला काय मानलं ते सगळं लिहून ठेवलंस, आणि स्वतःचं म्हणून एक सरळ वाक्य बोलायला तुला उद्या हवा होता?

ओंकार गेल्यावर मी ओट्यापाशी उभी राहून तुझा एक जुना आवाज लावला. बोटं सुजायची म्हणून तू फोनवर टाइप करायची नाहीस, बोलून पाठवायचीस, असे पुष्कळ आहेत माझ्याकडे. त्यात काही नाही. 'मुंगे, येताना कोथिंबीर आण. आणि काल तू म्हणत होतीस ना, ते... जाऊ दे, कुकर झाला, ठेवते.' मागे शिट्टी. बस. आवाज अगदी तू. 'जाऊ दे'च्या आधी घेतेस तो श्वाससुद्धा.

मी म्हटलं, 'एक जुडी की दोन?'

तू म्हणालीस, मुंगे, येताना कोथिंबीर आण.

मी परत विचारलं. जरा मोठ्याने. तू तेच म्हणालीस.

तेव्हा मला माझं चुकलेलं कळलं. आईचा आवाज मला पुरत होता, कारण मी 'गॅस बंद केलाय' म्हटलं की ती गप्प व्हायची. तिला ऐकू जात होतं. ओळख नव्हती, हात नव्हते, पण माझं म्हणणं तिच्यापर्यंत पोचत होतं. मला आवाज नव्हता पुरत, मला ऐकणारी आई पुरत होती. हे मी तुला कधी नीट सांगितलंच नाही, नुसतं आवाज आवाज करत बसले. त्या म्हाताऱ्याचे हाल तो म्हातारा झाला म्हणून नव्हते. बाहेरच्या कुणी त्याला 'ओ' दिली नाही म्हणून होते. देवीने दार लावून घेतलं.

हेच होतं का गं ते थोडं, जे तुला पटलं होतं? मग मी लिफ्टपाशी उभी राहून 'नको' म्हटलं, तेव्हा दार उघडलं का तुझं, की मीही लावूनच घेतलं?

हे तुझं शेवटचं प्रकरण. मी वाचून दाखवलंय. आता तू भांड ना, ताई.